चव, पाणी आणि पाककृती : मराठी पाकग्रंथांतील सणासुदीच्या गोडधोडाची चवदार तळ्याच्या संदर्भात चिकित्सा

सारांश : मराठी पाकग्रंथांनी सणासुदीच्या गोड पदार्थांचे ज्ञान छापील स्वरूपात सर्वांसाठी खुले केले. हे खुलेपण कागदावर किती आणि व्यवहारात किती, हा प्रश्न मराठी समीक्षेने फारसा विचारलेला नाही. महाड येथील चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह, त्यानंतरची दलित आत्मकथने आणि अन्नविषयक दलित लेखन यांच्या संदर्भात 'सण', 'घर', 'गोड' आणि 'पाणी' या चार संकल्पनांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजसंज्ञा : पाकवाङ्मय, गोडधोड, सोवळे, चवदार तळे, दलित आत्मकथन, अन्नसंस्कृती.

प्रस्तावना

साहित्यप्रकार म्हणून पाकग्रंथाकडे मराठी समीक्षेने फार काळ गांभीर्याने पाहिले नाही. घरोघरी सर्वाधिक हाताळली जाणारी, तेलातुपाच्या डागांनी ओळखू येणारी, लग्नात मुलीला आवर्जून दिली जाणारी ही पुस्तके वाङ्मयेतिहासाच्या बाहेरच राहिली. वस्तुतः समाज स्वतःविषयी काय गृहीत धरतो, हे कवितेपेक्षा पाककृतीत अधिक उघडपणे दिसते. कवी आपली गृहीतके लपवू शकतो; पाककृती लिहिणाऱ्याला मात्र 'तूप चार वाट्या' असे लिहावेच लागते, आणि त्या चार वाट्या कोणाच्या घरी असतात हे वाचकाला कळल्यावाचून राहत नाही.

सणासुदीचे गोडधोड हा या वाङ्मयाचा सर्वांत समृद्ध भाग होय. पुरणपोळी, मोदक, करंजी, अनारसे, बेसनाचे व रव्याचे लाडू, श्रीखंड, बासुंदी अशा पदार्थांमधून मराठी माणसाचे वर्ष उलगडत जाते. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत प्रत्येक सणाला त्याचा पदार्थ आहे आणि प्रत्येक पदार्थाला त्याची कसोटी आहे. ही सारी समृद्धी ज्या एका जिन्नसाशिवाय अशक्य आहे, त्याचा उल्लेख मात्र साहित्याच्या यादीत क्वचितच सापडतो. तो जिन्नस म्हणजे पाणी. ज्या तळ्याच्या नावातच 'चव' आहे आणि ज्याच्या पाण्यासाठी माणसांना मार खावा लागला, त्या महाडच्या तळ्याच्या काठावरून मराठी पाकवाङ्मय वाचले तर काय दिसते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पाकग्रंथांतील 'सण' आणि 'घर'

मराठीतील आरंभीच्या छापील पाकग्रंथांत रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 'सूपशास्त्र' (१८७५) या ग्रंथाचे स्थान महत्त्वाचे आहे. स्वयंपाकाला 'शास्त्र' म्हणणे ही त्या काळाची भूमिका होती. परंपरेने तोंडी चालत आलेले ज्ञान मापात बसवून छापणे हे त्या काळातील मोठे कार्य होते, हे नाकारता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभकाळात लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणी-मित्र' या ग्रंथाने पाठारे प्रभू घरातील स्वयंपाक मराठीत आणला. त्यात मासळी व मांसाचे पदार्थही निःसंकोचपणे आले. म्हणजे मराठी पाकवाङ्मय सर्वस्वी शाकाहारी होते असा सरसकट आरोप टिकणारा नाही. त्यानंतर १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' प्रसिद्ध झाले आणि मराठी मध्यमवर्गीय स्वयंपाकघराचे ते जणू प्रमाणभूत पुस्तक ठरले.

'रुचिरा'चे वैशिष्ट्य तिच्या मापात आहे. शेर, पावशेर, तोळा ही वजने किंवा 'अंदाजाने' हा अनुभवी हाताचा शब्द बाजूला सारून तिने घरातली वाटी आणि चमचा प्रमाण मानला. या एका निर्णयाचे सामाजिक मोल मोठे आहे. सासूच्या किंवा आईच्या हाताखाली वर्षानुवर्षे न राबलेल्या, शहरात एकटीने संसार मांडलेल्या मुलीला पुरण कसे शिजवावे हे पुस्तकातून कळू लागले. ज्ञानाची किल्ली घराण्याच्या हातून वाचकाच्या हाती आली. वाटी कोणाचीही असू शकते. पितळेची, स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची. या अर्थाने 'रुचिरा' हे मराठी स्वयंपाकाच्या लोकशाहीकरणातील एक महत्त्वाचे पाऊल होय.

मात्र वाटी कोणाचीही असली तरी त्या वाटीने मोजायचे जिन्नस सर्वांकडे असतात, हे गृहीतक कायम राहिले. 'सण' म्हणजे नैवेद्याचा सण, 'घर' म्हणजे जेथे तूप, साखर, वेलदोडे, केशर यांची बरणी असते ते घर, आणि 'गोडधोड' म्हणजे त्या घरातील स्त्रीने सोवळ्याओवळ्याचे भान राखून केलेला पदार्थ, अशी एक साखळी या वाङ्मयात न बोलता तयार झाली. हे कोणा एका लेखिकेने हेतुतः केले असे म्हणता येणार नाही. प्रत्येकीने आपल्या घरचे लिहिले. परंतु ज्यांनी लिहिले त्यांचे घर 'महाराष्ट्राचे घर' झाले आणि ज्यांनी लिहिले नाही त्यांचे घर अदृश्य झाले, हा परिणाम हेतूवर अवलंबून नसतो.

महाड-पोलादपूरचा परिसर या गृहीतकाला भूगोलाच्या बाजूनेही छेद देतो. सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठचा हा भाग भाताचा आहे. डोंगरउतारावर नाचणी व वरी पिकते. येथे घरचा गोड पदार्थ तांदळाचा असणे स्वाभाविक होते : उकडीचे मोदक, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, खांडवी, गौरीचे घावन-घाटले, रसातली खापरोळी. उलट पुरणपोळीचा गहू आणि हरभऱ्याची डाळ ही वरंधा आणि आंबेनळी यांसारख्या घाटवाटांनी देशावरून खाली उतरणारी वस्तू. म्हणजे शिमग्याला पुरणपोळी करणारे घर हे बाजारातून जिन्नस आणण्याची ऐपत असणारे घर होते. शिवाय कोकणातील अनेक घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मटणाचा किंवा मासळीचा, नैवेद्य दाखवला जातो. 'सण म्हणजे गोड' हे समीकरण अशा घरांत मुळातच अपुरे ठरते.

पाककृतीतील पाणी

गोड पदार्थांच्या कृती बारकाईने पाहिल्या तर त्या बहुतांशी पाण्याच्या कृती आहेत असे दिसून येते. साखरेच्या पाकाची सारी विद्या पाणी किती उरले आणि किती आटले यावर अवलंबून असते. साखर भिजेल इतके पाणी घालून उकळले की बोटांमध्ये एक तार येते, आणखी आटले की दोन तारा, त्यापुढे पाण्यात टाकताच गोळी वळली जाते. रव्याच्या लाडवाला एकतारी पाक लागतो. तो पुढे गेला तर लाडू दगडासारखा होतो, मागे राहिला तर बसतो. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजत ठेवून रोज पाणी बदलावे लागते. पाणी बदलले नाही तर तांदळाला वास येतो. मोदकाची उकड पाण्याच्या मापावर उठते. पुरणासाठी डाळ भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी निथळून घेतात. डाळीत गूळ घातला की पुरण होते आणि निथळलेल्या पाण्याची कटाची आमटी होते. एकाच पाण्यातून एका बाजूला सणाचे गोड आणि दुसऱ्या बाजूला तिखट अशी ही सुंदर विभागणी आहे.

इतके सारे असूनही साहित्याच्या यादीत पाणी नसते. ते विकत आणावे लागत नाही, मोजावे लागत नाही, ते 'असतेच'. येथे पाककृतीची भाषा आणि सामाजिक इतिहास यांची गाठ पडते. अनारशाचे पाणी तीन दिवस रोज बदलायचे, तर ज्या स्त्रीला पाणवठ्यावर दूर उभे राहून कोणीतरी वरून पाणी ओतण्याची वाट पाहावी लागे, तिने अनारसे कसे करावेत? हा प्रश्न भावनिक नसून कृतीविषयक आहे. गोड पदार्थ गरिबीमुळे होत नव्हते असे आजवर म्हटले गेले. पैसा मिळाला असता तरी पाणी मिळाले नसते, ही बाब त्यात नजरेआड होते.

सोवळ्याच्या स्वयंपाकात पाण्याला दुहेरी काम असे. ते पदार्थ शिजवी आणि ते पदार्थ शुद्धही करी. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'च्या आरंभी सोवळ्याच्या वेडापायी बाजारातून आलेले जिन्नसही पाण्याने धुऊन घेणाऱ्या वडिलांचे चित्र येते. ते विनोदी अंगाने वाचले जाते आणि तसे ते आहेही. परंतु त्या विनोदामागे एक सामाजिक तथ्य आहे : एका घरात शुद्धीसाठी वाटेल तितके पाणी सांडता येत होते, तेव्हाच गावाच्या दुसऱ्या टोकाला तहानेपुरते पाणीही हक्काचे नव्हते. पुरेशा पाण्याशिवाय सोवळे पाळता येत नाही. आणि सोवळे पाळता येत नाही म्हणून पाण्याला हात लावता येत नाही. हे वर्तुळ पाकग्रंथांच्या शांत, नीटनेटक्या भाषेत कोठेही उमटत नाही.

महाड, १९२७ : पाणी, पंगत आणि पंचगव्य

मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. त्यानुसार महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. त्यानंतर तीन वर्षे तळे कागदावर खुले आणि प्रत्यक्षात बंदच राहिले. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते आणि सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखे सहकारी यांच्या प्रयत्नांतून ती घडून आली. परिषदेसाठी जमलेल्या लोकांकरिता पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले होते. २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तळ्यात उतरून ओंजळीने पाणी घेतले आणि त्यांच्यामागून हजारो स्त्रीपुरुषांनी ते प्राशन केले.

या घटनेचा राजकीय व कायदेशीर अर्थ पुष्कळ लिहिला गेला आहे. पाकवाङ्मयाच्या अभ्यासकाने तिच्याकडे अन्नाच्या अंगाने पाहिले तर तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली म्हणजे, वीरेश्वर मंदिरात शिरण्याचा बेत असल्याची अफवा उठवून मंडपावर जो हल्ला झाला, त्या वेळी काही प्रतिनिधी जेवत होते. शिजलेले अन्न मातीत मिसळले गेले. पाण्याला स्पर्श केल्याची शिक्षा ताटाला झाली. पाणी आणि अन्न यांचा संबंध हल्लेखोरांना पाकग्रंथकारांपेक्षा अधिक स्पष्टपणे कळला होता, असेच म्हणावे लागते.

दुसरी गोष्ट तळ्याच्या तथाकथित शुद्धीकरणाची. त्यासाठी एकशे आठ घागरी पाणी तळ्यातून उपसून शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे मिश्रण मंत्रोच्चारासह तळ्यात सोडण्यात आले. या यादीतील दूध आणि दही हेच बासुंदी, खीर आणि श्रीखंड यांचे आधारद्रव्य आहे. ज्या दुधाने सणाच्या दिवशी वाटी भरते, तेच दूध माणसाच्या स्पर्शाचा डाग धुण्यासाठी तळ्यात ओतले गेले. पदार्थ स्वतः निष्पाप असतो, परंतु त्याचा सामाजिक उपयोग निष्पाप असतोच असे नाही, याचे इतके ठसठशीत उदाहरण अन्यत्र सापडणे कठीण.

तिसरी गोष्ट डिसेंबरमधील दुसऱ्या परिषदेची. नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला होता. २५ ते २७ डिसेंबर या काळात सत्याग्रहींना महाडमध्ये जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा मंडपासाठी दिली. शिधासामग्रीही बाहेरून आणावी लागली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याविषयीचा दावा न्यायालयात गेल्याने प्रत्यक्ष सत्याग्रह स्थगित झाला, आणि २७ डिसेंबरला बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. त्यात पोशाख, दागिने, मुलींचे शिक्षण यांबरोबरच मृत जनावराचे मांस घरात येऊ न देण्याचा आग्रह होता. म्हणजे परिषदेचा ठराव अमलात येण्याची जागा स्वयंपाकघर होती आणि अंमलबजावणी करणारी स्वयंपाक करणारी स्त्री होती. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय १७ मार्च १९३७ रोजी आला. चूल मात्र दहा वर्षे आधीच बदलू लागली होती.

मागून आणलेली पोळी आणि घरी केलेली पोळी

बलुतेदारीच्या व्यवस्थेत सणाच्या दिवशी गावातील घराघरांतून पोळी, भाकरी, उरलेसुरले अन्न मागून आणणे हा महारांचा 'हक्क' मानला जाई. या शब्दातील विसंगती दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनानंतर मराठी वाचकाला परिचित झाली आहे. गोडधोडाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की, दलित घरात पुरणपोळी आली तरी ती दुसऱ्याच्या चुलीवरची, थंड झालेली आणि अंतर राखून वरून टाकलेली असे. गोड चव आणि अपमान ही दोन्ही एकाच घासात येत. महाडच्या परिषदेने मृतमांसाबरोबरच असे उष्टे आणि मागून आणलेले अन्नही सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा त्याचा एक अर्थ असाही होता की वर्षातून एकदोनदा मिळणारी पोळीही सोडायची.

या त्यागाची किंमत इतिहासलेखनात पुरेशी नोंदली गेलेली नाही. सभेत हात वर करून ठराव संमत करणे आणि सणाच्या संध्याकाळी मुलांना 'आज पोळी आणायची नाही' असे सांगणे यांत फरक आहे. दुसरे काम आईला करावे लागले असणार. त्याचबरोबर याच त्यागातून एक नवी शक्यता निर्माण झाली : पोळी खायची तर स्वतःच्या चुलीवरची. 'घरगुती' हा शब्द मध्यमवर्गीय पाकग्रंथात 'बाजारातली नव्हे ती' या अर्थाने येतो. हलवायाच्या दुकानापेक्षा घरची करंजी चांगली, असा त्याचा अभिप्राय असतो. महाडच्या संदर्भात 'घरगुती' या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द 'विकतची' हा नसून 'मागून आणलेली' हा आहे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ शेजारी ठेवल्याखेरीज मराठीतील 'घरच्या गोडधोडा'ची समीक्षा पूर्ण होऊ शकत नाही.

आत्मकथने आणि 'अपूर्ण' ब्रह्म

पाकग्रंथांनी न लिहिलेले अन्न दलित स्त्रियांच्या आत्मकथनांनी लिहिले. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमचं' (१९८६) मध्ये आषाढ महिन्याचे चित्र येते. वर्षभराच्या अर्धपोटी दिवसांत सणाचा अर्थच पोटभर जेवण हा होता, हे त्यातून प्रकर्षाने जाणवते. उर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) तर कोकणातीलच, रत्नागिरी परिसरातील आहे. वर्गातील मुली मिळून स्वयंपाक करतात, पण लेखिकेला कशाला हात लावू देत नाहीत, हा त्यातील प्रसंग पाककृतीच्या अंगाने महत्त्वाचा आहे. जेवायला बसण्याची मुभा आहे, पण कणीक मळण्याची नाही. अन्न मिळणे आणि अन्न करण्याचा अधिकार मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे हा प्रसंग कोणत्याही सिद्धांताशिवाय दाखवून देतो.

शाहू पाटोळे यांचा 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) हा ग्रंथ या चर्चेत निर्णायक ठरतो. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या रूढ वचनाला शीर्षकातच दिलेले हे उत्तर आहे : ज्या अन्नपरंपरेत एका मोठ्या समाजाचे अन्न नाही, ती पूर्ण कशी? मराठवाड्यातील दलित स्वयंपाकाचे पदार्थ, पद्धती आणि त्यांमागील जातवास्तव एकत्र मांडून पाटोळे यांनी पाककृती हा प्रकारच नव्याने घडवला. भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर त्याची दखल मराठीबाहेरही घेतली गेली. मराठी विद्यापीठीय वर्तुळात मात्र तो 'पाककृतींचे पुस्तक' म्हणून एका बाजूला आणि 'दलित साहित्य' म्हणून दुसऱ्या बाजूला अशा दोन कपाटांच्या मध्येच अडकलेला दिसतो.

येथे एक चिकित्सक प्रश्न उपस्थित करणे आवश्यक आहे. दलित अन्नसंस्कृतीवरील बहुतेक चर्चा मांसाहाराभोवती केंद्रित झाली आहे. ज्या अन्नासाठी हिणवले गेले त्याच अन्नाचा उच्चार करणे ही त्या चर्चेची न्याय्य गरज होती. परंतु त्यामुळे एक अनपेक्षित विभागणी घट्ट होते : तिखट त्यांचे आणि गोड यांचे. गुळाच्या पाण्यात शिजवलेल्या शेवया, भाकरी कुस्करून गूळ घालून केलेला मलिदा, गुळवणी, कण्यांची किंवा गव्हाची खीर, कधीमधी केलेला शिरा, हे सारे गोडच आहे. त्याला केशर नाही, वेलदोडा नाही, तूप असले तर बोटभर. तरीही सणाच्या दिवशी मुलांच्या तोंडात पडणारी ती गोडीच होती. हे पदार्थ साधे म्हणून पाकवाङ्मयाच्या चर्चेत मागे राहिले आणि पुरेसे बंडखोर नाहीत म्हणून दलित अन्नचर्चेतही मागे राहिले. दोन्ही बाजूंच्या मौनात गरिबाघरचे गोड हरवले आहे.

नवी दिनदर्शिका आणि खीर

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेने सणांची दिनदर्शिकाच बदलली. बावीस प्रतिज्ञांमध्ये गौरी-गणपती यांना देव न मानण्याची स्पष्ट प्रतिज्ञा आहे. त्यामुळे कोकणातील बौद्ध घराच्या दृष्टीने मोदक आणि घावन-घाटले यांचा नैवेद्य म्हणून असलेला अर्थ संपला. त्या जागी बुद्धपौर्णिमा, १४ एप्रिलची जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन हे दिवस आले आणि बुद्धपौर्णिमेच्या दिवशी खिरीला विशेष स्थान मिळाले. उरुवेला येथे सुजातेने गौतमाला दिलेल्या खिरीची कथा त्यामागे आहे. उपासाने कृश झालेल्या साधकाने देहदंड सोडून अन्न स्वीकारले, हा त्या कथेचा गाभा होय. सणाच्या गोडामागे देवाला दाखवण्याचा नैवेद्य नसून भुकेल्या माणसाला दिलेले अन्न आहे, हा अर्थबदल मराठी अन्नसंस्कृतीच्या दृष्टीने लहान नाही.

खिरीचा आणखी एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. तांदूळ, दूध, गोडी आणि मंद आच एवढ्यावर ती होते. पाकाची तार ओळखावी लागत नाही आणि एका पातेल्यातून शंभर माणसांना देता येते. दुधाचा जो सामाजिक उपयोग १९२७ मध्ये तळ्याच्या काठी झाला, त्याच्या नेमका उलट उपयोग या पातेल्यात होतो. दरवर्षी २० मार्च आणि २५ डिसेंबर या दिवशी महाडला दूरदूरहून लोक येतात आणि तळ्याला वंदन करतात. या दिवसांचा 'पदार्थ' कोणता, असे विचारले तर उत्तर 'पाणी' असेच द्यावे लागेल. पक्वान्नाशिवाय साजरा होणारा आणि तरीही नावातच 'चव' असणारा असा सण महाराष्ट्रात दुसरा नसावा. मराठी पाकग्रंथांतील सणांच्या यादीत मात्र यांपैकी एकाही दिवसाला अद्याप स्थिर जागा मिळालेली नाही.

आक्षेप आणि मर्यादा

या मांडणीवर एक रास्त आक्षेप घेता येईल. पाककृतीचे पुस्तक हे उपयोगाचे पुस्तक आहे. करंजी कशी करावी हे सांगणाऱ्या लेखिकेकडून सामाजिक इतिहासाची अपेक्षा करणे अन्याय्य नाही काय? हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. कमलाबाईंनी महाडविषयी लिहायला हवे होते, असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी जे केले ते प्रामाणिकपणे आणि अचूकपणे केले. त्यांच्या वाटीने पुढे अशा अनेक घरांत प्रवेश केला असेल जी घरे पुस्तकाच्या मूळ कल्पनेत नव्हती. पहिल्या पिढीतील नोकरदार दलित स्त्रीने दिवाळीच्या सुटीत पुस्तक उघडून करंजीचे सारण मोजले असेल, तर तो त्या पुस्तकाचा विजयच म्हटला पाहिजे.

प्रश्न लेखिकांच्या हेतूचा नसून समीक्षेच्या आळसाचा आहे. नगरपालिकेच्या १९२४ च्या ठरावाने तळे कागदावर खुले केले. ते खरोखर खुले होण्यासाठी कोणीतरी पायऱ्या उतरून पाण्याला हात लावावा लागला. छापील पाककृतीही अशीच कागदावर सर्वांना खुली असते. तिचा लाभ कोणाला झाला, कोणाला झाला नाही, कोणी तिच्यात आपल्या घरची भर घातली, हे तपासणे हे अभ्यासकाचे काम आहे. ठराव वाचून समाधान मानणारा आणि पाकग्रंथ वाचून 'मराठी खाद्यसंस्कृती' समजली असे मानणारा हे दोघेही एकाच चुकीचे वाटेकरी आहेत.

दुसरी मर्यादा साधनांची आहे. 'अन्न हे अपूर्णब्रह्म' मराठवाड्याचे आहे, 'जिणं आमचं' देशावरचे आहे, 'आयदान' दक्षिण कोकणाकडचे आहे. महाड-पोलादपूर पट्ट्यातील दलित, कुणबी, कातकरी आणि कोकणी मुस्लिम घरांतील सणाच्या पदार्थांची सविस्तर नोंद असलेला ग्रंथ मराठी पाकवाङ्मयाच्या परिचित परंपरेत दिसत नाही. फत्तेखान यांच्या जागेचा उल्लेख इतिहासात येतो. त्या शेजारातील ईदचा शीरखुर्मा आणि सांदण पाकवाङ्मयात येत नाही. ज्या गावाने पाण्याचा प्रश्न देशापुढे ठेवला, त्या गावाच्या चुलीविषयी मराठी वाचकाला फारच थोडे ठाऊक आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. एक, मराठी पाकग्रंथांनी गोडधोडाचे ज्ञान मापबद्ध करून खुले केले, हे त्यांचे ऐतिहासिक कार्य आहे. परंतु 'सण' आणि 'घर' यांची त्यांनी केलेली व्याख्या मर्यादित होती. दोन, पाणी हा गोड पदार्थांचा मूलभूत व अनुल्लेखित जिन्नस आहे आणि त्याचा अनुल्लेख हा पाणी सहज मिळणाऱ्या समाजाचा खुणेचा शब्द आहे. तीन, महाडच्या संदर्भात 'घरगुती' या शब्दाला 'स्वाभिमानाने स्वतःच्या चुलीवर केलेले' असा अर्थ प्राप्त होतो, आणि तो अर्थ मराठी कोशात आणि समीक्षेत नोंदला गेला पाहिजे. चार, दलित अन्नचर्चेने तिखटाबरोबर गरिबाघरच्या गोडाचीही नोंद घेणे आवश्यक आहे. अन्यथा गोडीवरचा जुना मालकी हक्क न मागताच मान्य केल्यासारखे होईल.

१९२७ च्या घटनेला २०२७ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होतात. त्या निमित्ताने ग्रंथ निघतील, परिसंवाद होतील आणि ते योग्यच आहे. त्यांच्या जोडीला महाड-पोलादपूर परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी, इतिहास व गृहविज्ञान या विभागांनी आपल्याच विद्यार्थ्यांच्या घरांतून सणाच्या पदार्थांची नोंद गोळा केली, तर एक मोठी उणीव भरून निघू शकेल. आजीने गूळ कोठून आणला, पाणी कोठून भरले, कोणत्या वर्षापासून पोळी मागून आणणे बंद झाले आणि घरी पहिल्यांदा पुरण कधी शिजले, हे चार प्रश्न त्यासाठी पुरेसे आहेत. ज्या स्त्रिया त्यांची उत्तरे देऊ शकतात त्यांची संख्या दरवर्षी कमी होत आहे. ही नोंद त्या हयात असेपर्यंतच होऊ शकते.